पीस नदीकाठच्या जुन्या वस्त्या आणि पहिली घराणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडमंटनला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला पीस नदीवर जातो. गाडीने पाच तासांचा रस्ता आहे. परत आलो की मित्रमंडळी आणि पुण्या-कोल्हापुराकडचे नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. माझी उत्तरं दर वर्षी थोडी सुधारत गेली. ती एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे.

ही नदी नेमकी आहे कुठे?

कॅनडाच्या पश्चिमेला. ब्रिटिश कोलंबियात फिनले आणि पार्सनिप या दोन नद्या मिळत आणि तिथून पुढे तिला पीस म्हणत. तो संगम आता धरणाच्या पाण्याखाली आहे, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. नदी रॉकी पर्वत फोडून पूर्वेला येते. हडसन्स होप, टेलर, डन्व्हेगन, पीस रिव्हर हे गाव आणि फोर्ट व्हर्मिलियन ही तिच्या काठची ठिकाणं. पुढे ती अथाबास्का सरोवराजवळच्या त्रिभुज प्रदेशात शिरते आणि तिचं पाणी स्लेव्ह व मॅकेंझी नद्यांमधून थेट आर्क्टिक महासागराला जातं.

नकाशावर बघून डोळ्यांसमोर पठारावरची सपाट नदी येते. प्रत्यक्षात तुम्ही सपाट शेतांतून गाडी चालवत असता, एकाही उंचवट्याची चाहूल नसते आणि अचानक समोरची जमीन संपते. दोनशे मीटरहून खोल दरी उघडते आणि तळाशी रुंद, मातकट-हिरवं पाणी दिसतं. जुन्या वस्त्या त्या तळाशी आहेत. पठारावरची शेती नंतरची.

'पीस' म्हणजे शांतता. कुणाची?

क्री आणि डेन-झा यांची. डेन-झांना इंग्रजी कागदपत्रांत 'बीव्हर' म्हटलं आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बंदुका हाती आलेले क्री पश्चिमेला सरकू लागले आणि दोन्ही समाजांत लढाया झाल्या. नदीच्या खालच्या अंगाला एका टोकावर त्यांनी तह केला. ती जागा आजही पीस पॉइंट म्हणून ओळखली जाते. नदीचं मूळ लोकांकडचं नाव फरचा व्यापारी आणि प्रवासी अलेक्झांडर मॅकेंझीने 'उंजिगाह' असं नोंदवलं.

म्हणजे नदीचं इंग्रजी नावसुद्धा गोऱ्या माणसांच्या कुठल्या करारावरून आलेलं नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मग पहिले वसाहतकार कोण?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं एका नावात उत्तर देणं मला पटत नाही. स्मारकांवर 'पहिला' हा शब्द फार सढळ हाताने वापरलेला आहे.

क्रम असा लागतो. डेन-झा आणि क्री इथे होतेच. ते शिकार करत, मासे धरत आणि ऋतूप्रमाणे ठरलेल्या जागी मुक्काम हलवत. १७८८ मध्ये चार्ल्स बोयरने आजच्या फोर्ट व्हर्मिलियनजवळ फरच्या व्यापारासाठी ठाणं टाकलं. १७९२ चा हिवाळा मॅकेंझीने स्मोकी नदीच्या संगमाजवळ काढला, मे १७९३ मध्ये तो तिथून निघाला आणि जुलैत प्रशांत महासागराला पोचला. १८०५ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनीच्या आर्चिबाल्ड नॉर्मन मॅक्लाउडने डन्व्हेगनचा कोट उभारला. या ठाण्यांवर नावा वल्हवणारे, शिकार पुरवणारे, दुभाषे आणि सुतार म्हणून राबणारे लोक क्री, डेन-झा, फ्रेंच-कॅनेडियन आणि मेती होते. मेती म्हणजे मूळ समाजातल्या स्त्रिया आणि फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी यांच्या संसारांतून उभा राहिलेला स्वतंत्र समाज. नोकरी संपल्यावर यांतली काही कुटुंबं नदीकाठीच राहिली. घर बांधलं, परसात बटाटे लावले, दोन घोडी पाळली. काठावरच्या पहिल्या खऱ्या वस्त्या या.

मिशनरी त्यानंतर आले आणि दहा डॉलरचा अर्ज भरून जमीन घेणारे होमस्टेडर त्याच्याही नंतर, १९१० च्या आसपास. गावांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेकदा याच शेवटच्या मंडळींपासून केली जाते. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. पण ते रिकाम्या जागी आले नाहीत.

इतक्या उत्तरेला पिकतं तरी काय आणि कसं?

गहू, ओट, बार्ली, बटाटे, कोबी, मुळा-गाजरं पिकतात. डन्व्हेगनला तर कलिंगडाच्या जातीची फळंही लोक हौसेनं घेतात.

कारण सूर्य. पेरणीनंतर जूनमध्ये इथे साडेसतरा ते अठरा तास उजेड असतो. हंगाम आखूड, पण दिवस लांब. पिकाला जेवढे दिवस कमी मिळतात तेवढे तास जास्त मिळतात. दुसरं कारण दरी. नदीचा उत्तर काठ दक्षिणेला तोंड करून असतो, ऊन सरळ अंगावर घेतो आणि थंडगार वाऱ्यापासून आडोसाही मिळतो. तळाशी पुराने आणून टाकलेला गाळ. आपल्याकडे जिला मळीची जमीन म्हणतात, अगदी तशी. या उतारांवर मी निवडुंग पाहिला आहे, हाताच्या पंज्याएवढा, जमिनीला चिकटून वाढणारा, काटे रोवून बसलेला. उणे चाळीस अंश सोसणाऱ्या गावात निवडुंग! पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खाली वाकून खात्री करून घेतली होती.

पाचवीला पुजलेला शत्रू म्हणजे अवकाळी कडाका. ऑगस्टमध्ये एक रात्र हिमतुषार पडले की गव्हाचा दाणा चिमून जातो आणि वर्ष बुडतं. म्हणून लवकर पिकणारं वाण हे इथल्या शेतकऱ्यांसाठी जगण्या-मरण्याचं प्रकरण होतं. १९०९ पासून शेतकऱ्यांच्या हाती आलेल्या 'मार्क्विस' गव्हाने प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखाचं, चित्र पालटलं. आधीच्या 'रेड फाइफ'पेक्षा तो आठवडाभर तरी आधी कापणीला येई. आता या मार्क्विसचे आईबाप कोण? एक रेड फाइफ आणि दुसरा 'हार्ड रेड कलकत्ता', म्हणजे हिंदुस्थानातून गेलेलं बियाणं. कॅनडाच्या गव्हाची कणीक मळताना मला हे दर वेळी आठवतं.

शिकागोत इथल्या गव्हाला बक्षीस मिळालं होतं, हे खरं का?

हो. जॉन गफ ब्रिक नावाचे अँग्लिकन मिशनरी पीस रिव्हर गावाच्या वरच्या अंगाला, शाफ्ट्सबरी वस्तीत शेती करत. त्यांचा गहू १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात गौरवला गेला. स्वामी विवेकानंदांचं भाषण ज्या धर्मपरिषदेत झालं ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. ब्रिक यांचा मुलगा टॉमस, ज्याला सगळे ॲली म्हणत, तो १९०६ मध्ये पीस रिव्हर मतदारसंघातून अल्बर्टाच्या विधानसभेवर गेला. पुढे १९२६ मध्ये अल्बर्टातल्याच वेंबली गावच्या हर्मन ट्रेले यांनी शिकागोच्याच धान्य प्रदर्शनात गव्हाचा जागतिक किताब जिंकला आणि मग पीसच्या मुलखाबद्दल कुणाला शंका उरली नाही.

शाफ्ट्सबरीच्या शेतांच्या पट्ट्या अशा अरुंद आणि लांब का?

कारण प्रत्येकाला नदी हवी होती. नदी म्हणजे पिण्याचं पाणी, मासे, हिवाळ्यातला रस्ता आणि उन्हाळ्यातला माल उतरवायचा धक्का. म्हणून काठाचा थोडासा तुकडा प्रत्येक घराला आणि तिथून मागे दरीच्या उतारापर्यंत लांबच लांब पट्टी. सेंट लॉरेन्सच्या काठी फ्रेंचांनी, रेड रिव्हरवर मेतींनी हीच पद्धत वापरली. पाणी, गाळाचं शेत, गवताचं कुरण, वर लाकूडफाटा असं सगळं एका पट्टीत येतं. शिवाय घरं काठाने ओळीत राहतात, शेजारी हाकेच्या अंतरावर असतो. पठारावरच्या चौकोनी होमस्टेडमध्ये हे सुख नव्हतं. तिथे शेजारचा दिवा दिसला तरी नशीब.

आपल्याकडे गावाची पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. इथे घर आणि शेत एकाच पट्टीवर, पण घरांची रांग नदीच्या काठाने इतकी जवळजवळ की गावपण टिकून राही. शाफ्ट्सबरी ट्रेल या रस्त्याने आजही गेलात तर ही मांडणी दिसते. उन्हाळ्यात तिथली फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते.

ती लाकडी घरं कशी बांधत?

हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर.

डन्व्हेगनला १८७८ मध्ये बांधलेलं हडसन्स बे कंपनीच्या मुख्य व्यापाऱ्याचं घर उभं आहे. त्याचं कोपऱ्याचं लाकूड जवळून बघा. उभ्या खांबांना वरपासून खालपर्यंत खाच पाडलेली आहे आणि आडव्या ओंडक्यांची टोकं निमुळती करून वरून त्या खाचेत सोडलेली आहेत, दुकानाच्या जुन्या फळ्या सरकवून लावतात तशी. खिळा जवळजवळ नाही. या पद्धतीला रेड रिव्हर चौकट म्हणतात. फायदा असा की लांब, सरळसोट झाडं लागत नाहीत. दोन खांबांमधल्या अंतराएवढे आखूड ओंडके पुरतात आणि एखादा कुजला तर बदलता येतो. सगळी कुऱ्हाडीची कामं होती ती. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने ओंडका चारी बाजूंनी सपाट करत आणि त्या घावांच्या तिरक्या खुणा अजून बोटाला लागतात.

साध्या कुटुंबांची घरं याहून सोपी. स्प्रूसचे ओंडके एकावर एक, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले. फटींमध्ये शेवाळ कोंबायचं आणि त्यावर चिकणमाती, चिरलेलं गवत आणि पाणी तुडवून केलेला गिलावा चढवायचा. गारा करतात तसाच. वरून चुन्याची सफेती. दर शरद ऋतूत बाया-पोरं तो गिलावा पुन्हा लिंपत, कारण लाकूड वाळून आकसतं आणि माती सुटते. काच येईपर्यंत खिडकीला तासलेलं कातडं लावत. उजेड पिवळट येई, पण येई. जमिनीच्या फळ्यांत एक झाकण असे आणि त्याखाली तळघर. घराचा जीव तिथे. बटाटे, सलगम, गाजरं तिथे गोठत नसत. वरची शेगडी रात्री विझली तर पाण्याची बादली गोठे, खाली बटाटे सुखरूप.

अशा एका पडक्या घरात, ज्याचं छप्पर निम्मं कोसळलं होतं, भिंतीच्या गिलाव्यात मला बोटांचे ठसे दिसले. चार लहान बोटं, ओल्या मातीत दाबलेली. कुणा मुलाने लिंपायला मदत केली असणार. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

लॉरेन्स घराण्याबद्दल खूप ऐकलं. ते कोण?

फोर्ट व्हर्मिलियनचे. क्वेबेकहून इरॅस्टस लॉरेन्स अँग्लिकन मिशनच्या शाळेत आणि शेतावर काम करायला आले. मागोमाग १८८६ मध्ये भावाचं कुटुंब आलं, यंत्रसामग्री घेऊन. त्या काळी एडमंटनच्या उत्तरेला गाडीरस्त्याने, नावेने आणि जिथे यातलं काहीच नाही तिथे ओढत-ढकलत लोखंड आणणं म्हणजे काय, याची कल्पना करा. त्या कुटुंबातला शेरिडन तेव्हा पोरसवदा होता. मोठेपणी त्याने काठावर शेत, गोठे, गिरणी आणि दुकान असा पसारा उभा केला. उत्तरेकडच्या व्यापारी ठाण्यांना पीठ आणि मांस तिथून जाऊ लागलं. लोक त्याला 'पीसचा सम्राट' म्हणू लागले. त्याची पत्नी ज्युलिया स्कॉट ही मिशनरीची मुलगी. भल्यामोठ्या कुटुंबाचं आणि गड्यांचं रोजचं जेवण, साबण, मेणबत्त्या, कपडे हे तिचं खातं होतं. सम्राट म्हणून एकाचंच नाव राहिलं याचं मला वाईट वाटतं.

५८ अक्षांशावर दळलेलं पीठ कुत्र्यांच्या गाड्यांवरून आणखी उत्तरेला जात होतं, हे पाहूनच सरकारने १९०७-०८ च्या सुमारास फोर्ट व्हर्मिलियनला प्रायोगिक शेती सुरू केली.

दहा डॉलरला १६० एकर जमीन. इतकं स्वस्त?

१८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टनुसार अर्जाची फी दहा डॉलर. पण ती नुसती नोंदणी. तीन वर्षं, दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, साधारण तीस एकर जमीन नांगराखाली आणायची, मग सातबाऱ्यावर नाव लागायचं. तीस एकर म्हणजे कागदावर सोपं. इथे ती तीस एकर पॉपलर आणि विलोच्या मुळांनी विणलेली असत. झाड तोडायचं, बुंधा खणून बैलाने किंवा घोड्याने उपटायचा, मुळं वेचायची, ढीग जाळायचा आणि मग पहिली नांगरट. पुष्कळांनी मध्येच सोडून दिलं. कित्येक जण हिवाळ्यात लाकूडतोडीला किंवा रेल्वेच्या कामाला जात, कारण पहिली दोन-तीन वर्षं शेत खायला घालत नसे. हातावरच पोट.

ब्रिटिश कोलंबियाच्या बाजूला थोडी वेगळी गोष्ट. तिथला पस्तीस लाख एकरांचा 'पीस रिव्हर ब्लॉक' केंद्र सरकारच्या ताब्यात होता. १९१२ मध्ये तो होमस्टेडसाठी खुला झाला आणि १९३० मध्ये प्रांताला परत मिळाला.

बाईच्या नावावर जमीन मिळायची का?

लग्न न झालेल्या किंवा नवरा असलेल्या बाईला होमस्टेड मिळत नसे. विधवा, किंवा लहान मुलांची जबाबदारी एकटीवर असलेली कुटुंबप्रमुख स्त्री एवढ्यांनाच अर्ज करता येई. अठरा वर्षांच्या पोराला मात्र चालत असे. काही बायकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढलेल्या सैनिकांना मिळालेले ३२० एकरांचे हक्कपत्र विकत घेऊन वाट काढली. नवऱ्याच्या नावावरच्या शेतात आयुष्यभर राबलेल्या बायकांची नावं सरकारी कागदांत शोधू नका. ती चर्चच्या नोंदवहीत, दुकानाच्या उधारीच्या वहीत आणि पत्रांत सापडतात.

मूळ रहिवासी आणि मेती कुटुंबांच्या जमिनीचं काय झालं?

१८९८ मध्ये युकॉनमधल्या क्लोन्डाइकच्या सोन्यासाठी निघालेले लोक या मुलखातून गेले. त्यांनी सापळे मोडले, घोडे नेले. फोर्ट सेंट जॉनजवळ डेन-झांनी त्यांची वाट अडवली. सरकारला तह करण्याची घाई झाली. आठव्या क्रमांकाचा तह २१ जून १८९९ ला लेसर स्लेव्ह लेक इथे झाला, मग १ जुलैला पीस रिव्हर लँडिंग (आजचं पीस रिव्हर गाव), ६ जुलैला डन्व्हेगन, ८ जुलैला फोर्ट व्हर्मिलियन. फोर्ट सेंट जॉनच्या लोकांनी १९०० मध्ये सही केली. शिकार आणि मासेमारी पूर्वीसारखी चालू राहील, हे वचन त्यांच्या दृष्टीने तहाचा गाभा होतं. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या हिशेबाने राखीव जमीन ठरली.

मेतींना तहाऐवजी 'स्क्रिप' मिळालं, म्हणजे २४० एकर जमिनीचं किंवा २४० डॉलरचं हक्कपत्र. ही पत्रं वाटायला आलेल्या सरकारी आयोगासोबतच दलाल तंबू ठोकून बसले होते. त्यांनी ही पत्रं दर्शनी किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत गोळा केली. पिढ्यान् पिढ्या वहिवाट असलेल्या माणसाच्या हाती रोख थोडी रक्कम आली आणि जमिनीचा दावा शहरातल्या सावकाराकडे गेला.

राखीव जमिनीही पुरत्या टिकल्या नाहीत. शाफ्ट्सबरीच्या परिसरातल्या डंकन्स समाजाकडून १९२८ मध्ये बहुतेक जमीन 'स्वखुशीने' सोडवून घेतली गेली. फोर्ट सेंट जॉनच्या उत्तरेला डेन-झांची १८,१६८ एकर उत्तम जमीन होती. १९४५ मध्ये ती त्यांच्याकडून घेतली आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी दिली. जमिनीखालच्या खनिजांचे हक्कही गफलतीने सोबत गेले. पुढे तिथे तेल आणि वायू सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९५ मध्ये निकाल समाजाच्या बाजूने लागला. मधली पन्नास वर्षं मात्र कुणी परत देऊ शकलं नाही.

जुन्या घराण्यांची गोष्ट लिहिताना हा भाग तळटीपेत ढकलणारी पुस्तकं मी बाजूला ठेवते.

माल आणि माणसं यायची कशी?

उन्हाळ्यात नदीने, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून. १९०३ मध्ये कॅथलिक मिशनची 'सेंट चार्ल्स' ही आगबोट सुरू झाली. १९१६ मध्ये 'डी. ए. थॉमस' ही मोठी बोट आली आणि १९३० पर्यंत हडसन्स होप ते व्हर्मिलियनच्या धबधब्यापर्यंत फिरली. बोट लाकडावर चाले. काठावरचे शेतकरी हिवाळ्यात सरपण तोडून रचून ठेवत आणि बोटीला विकत. हाती रोकड पैसा येण्याचा तो एक मार्ग.

नदीच्या दक्षिणेला असलेल्या ग्रँड प्रेरी गावाकडे जाणारे लोक १९११ नंतर एडसन ट्रेलने गेले. दलदल, चिखल आणि उतार यांचा तो रस्ता बैलगाड्या गिळायचा. १९१६ मध्ये रेल्वे पोचली तेव्हा तो सुटला. डन्व्हेगनचा झुलता पूल १९६० मध्ये झाला, तोवर तिथे फेरीच होती. बर्फ धरताना आणि फुटताना, वर्षातून दोनदा, काही आठवडे दोन्ही काठ एकमेकांना पारखे व्हायचे.

आणि आजारपणात?

दोन गोष्टी सांगते.

डिसेंबर १९२८ मध्ये फोर्ट व्हर्मिलियनच्या खाली लिटल रेड रिव्हरला घटसर्पाचा रोगी निघाला. डॉ. हॅमन यांच्याकडे घटसर्पावरचं प्रतिविष पुरेसं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि ती घोड्यांच्या घसरगाडीने पीस रिव्हरच्या तारघराकडे निघाली. तिला पोचायला सुमारे दोन आठवडे लागले. २ जानेवारी १९२९ ला वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोन वैमानिक एडमंटनहून उघड्या बैठकीच्या छोट्या विमानातून निघाले. थंडी उणे तीसच्या खाली. औषध गोठू नये म्हणून गुंडाळून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोर्ट व्हर्मिलियनला नदीच्या बर्फावर उतरले. साथ पसरली नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये शिकलेली मेरी पर्सी ही चोवीस वर्षांची डॉक्टर बॅटल रिव्हर प्रेअरीत आली. मैलोगणती घोड्यावरून फिरून बाळंतपणं केली, दात काढले, कुऱ्हाडीच्या जखमा शिवल्या. १९३१ मध्ये फ्रँक जॅक्सन यांच्याशी लग्न करून ती केग रिव्हरला गेली आणि तिथल्या मेती वस्तीत क्षयाविरुद्ध अनेक वर्षं झगडली. तिने घरी लिहिलेली पत्रं हा त्या काळातल्या वस्त्यांच्या रोजच्या जगण्याचा सर्वांत जिवंत पुरावा आहे, असं माझं मत आहे.

'बारा फुटी डेव्हिस' खरंच एवढा उंच होता?

नाही. हेन्री फुलर डेव्हिस ठेंगणाच होता. ब्रिटिश कोलंबियातल्या कॅरिबूच्या सोन्याच्या धावपळीत, सोनं खणायला आखून घेतलेल्या दोन शेजारच्या जागांच्या मोजणीत बारा फुटांची फट राहिल्याचं त्याने हेरलं, ती पट्टी आपल्या नावावर केली आणि तिथे सोनं लागलं. नंतर तो पीसवर व्यापार करत राहिला. १९०० मध्ये लेसर स्लेव्ह लेकला वारला. त्याच्या मित्राने, जिम कॉर्नवॉलने, दिलेल्या शब्दाप्रमाणे पुढे त्याचे अवशेष पीस रिव्हर गावाच्या वरच्या टेकडीवर आणून पुरले. दगडावर लिहिलं आहे की तो सर्वांचा मित्र होता आणि त्याने आपल्या झोपडीला कधी कुलूप लावलं नाही. तिथून पीस, स्मोकी आणि हार्ट अशा तीन नद्या दिसतात. संध्याकाळी जा.

किती जुन्या वस्त्या पाण्याखाली गेल्या?

१९६८ मध्ये १८६ मीटर उंचीच्या बेनेट धरणामुळे विलिस्टन जलाशय भरला. फिनले-पार्सनिपचा संगम, गोल्ड बारसारखी काठावरची शेतं आणि त्से के डेने लोकांची गावं, शिकारीच्या वाटा, पुरलेली माणसं पाण्यात गेली. त्या लोकांना पुरेशी सूचनाही मिळाली नाही. १९८० मध्ये खाली दुसरं धरण झालं. तिसरं, साइट सी, अनेक वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर पूर्ण झालं आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा ८३ किलोमीटरचा जलाशय भरला. बेअर फ्लॅट, हाफवे नदीचं मुख, अटाची, म्हणजे प्रांताच्या उत्तरेतली उत्तम मळीची शेतं आणि डेन-झांच्या पवित्र जागा. कोयनेच्या किंवा उजनीच्या बुडीतातून उठलेल्या घरांत वाढलेल्या वाचकांना मी यापुढे काही समजावून सांगायला नको.

खालच्या अंगाला परिणाम वेगळे. धरणाखालच्या मोठ्या पट्ट्यात नदी आता हिवाळ्यात गोठत नाही, आणि त्रिभुज प्रदेशातली तळी पूर्वीसारखी पुराने भरत नाहीत. बर्फाचा बांध धरून येणारा पूर मात्र थांबलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये फोर्ट व्हर्मिलियनमधून शेकडो लोकांना हलवावं लागलं.

आमची सून तिकडची आहे. तिच्या पणजोबांची नोंद कशी शोधू?

अशी विचारणा आता वाढली आहे आणि मला ती फार आवडते. नातवंडांना दोन्हीकडची मुळं कळली पाहिजेत. १९३० पूर्वीच्या अल्बर्टातल्या होमस्टेडच्या फाइली एडमंटनच्या प्रांतिक अभिलेखागारात मिळतात आणि नावांची सूची ऑनलाइन शोधता येते. फाइलमध्ये घराची लांबी-रुंदी, नांगरलेली एकरं, जनावरांची संख्या, शेजाऱ्यांच्या साक्षी असं सगळं असतं. ग्रँड प्रेरीचं साउथ पीस अभिलेखागार आणि पीस रिव्हरचं संग्रहालय कौटुंबिक कागद, फोटो जपतं. पूर्वज कंपनीच्या नोकरीत असतील तर विनिपेगला हडसन्स बे कंपनीचं दप्तर आहे. मेती कुटुंब असेल तर स्क्रिपचे अर्ज ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघा. त्यांत आई, आजी, जन्मस्थळ यांची नावं असतात, जी दुसरीकडे क्वचितच मिळतील.

सोडून दिलेली वस्ती रानात ओळखायची कशी?

आधी जमीन कुणाची ते विचारा आणि परवानगी घ्या. मग भिंती शोधू नका, झाडं शोधा. कॅरागानाचं कुंपण सरळ रेषेत वाढलेलं दिसेल, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेलं. रानात काही सरळ रेषेत वाढत नाही. लायलॅकचं झुडूप दाराशेजारी असायचं. त्याच्या जवळ जमिनीत चौकोनी खळगा दिसला तर ते तळघर, पाय जपून टाका. काठाशी गंजलेला कापणीयंत्राचा दाताळा किंवा चुलीचं दार गवतात पडलेलं असतं. काही उचलू नका. आणि खळग्याच्या दक्षिणेला, जिथे परस असेल तिथे, जूनमध्ये रुबार्बची मोठी लालदेठी पानं बघा. ऐंशी-नव्वद वर्षं कुणी पाणी घातलेलं नाही, खुरपलेलं नाही, तरी गड्डा दर वसंतात वर येतो. मालकीणबाईंनी परवानगी दिली म्हणून मी एकदा चार देठ आणले होते. आंबट, आपल्या चुक्यासारखे. गूळ घालून त्याचा मुरंबा केला आणि बरणीतला अर्धा त्यांना परत नेऊन दिला.